सीडीत न मावलेली झांज

पाऊस गेला की आमच्या पोलादपुरात आवाज परत येतात. चार महिने कौलांवर, पत्र्यावर, पागोळ्यांतून एकच एक आवाज चालू असतो आणि बाकीचे सगळे त्याच्याखाली दबलेले असतात. शेजारणीला हाक मारायची तरी ओरडून मारायची. मग नवरात्राच्या आसपास एका सकाळी उठावं, तर कान एकदम मोकळे. आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणावर ट्रकवाल्याने गिअर बदललेला ऐकू येतो. नदीवर धुणं आपटणाऱ्या बायका ऐकू येतात. कुणाच्या तरी खळ्यात हळवं, लवकर पिकणारं भात झोडायला घेतलेलं असतं, त्याचा धप्प धप्प आवाज दुपारभर चालतो. लोकांना वसंत आवडतो, त्यांना आवडू दे. मला ऑक्टोबर आवडतो, उकाड्यासकट.

यंदाही तसंच झालं. लग्न होऊन मी महाडला आले, म्हणजे काही साता समुद्रापार गेले नाही, त्यामुळे हा ऋतू माझा सुटलेला नाही. परवा स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीत लेकीने मुठीएवढ्या स्पीकरवर भजन लावलं होतं. आजीला आवडतं म्हणून हल्ली तीही ऐकते. मी पोळी लाटता लाटता म्हटलं, अगं, ह्यात झांज तळली जातेय. ती हसली आणि मला समजावू लागली की हे हाय क्वालिटी आहे, महिन्याचे पैसे भरतो आपण. मी म्हटलं, क्वालिटीचं मला सांगू नकोस, ह्या विषयात आमच्या घराचा अनुभव दांडगा आहे. तिने कानात बोंडं घातली आणि विषय संपवला. आता मनात आलेलं कुठे तरी सांगायला हवं, म्हणून हे लिहितेय.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मी महाडच्या कॉलेजात जात होते, माझा मोठा भाऊ, दादा, एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात शिफ्टला होता, आणि आमचे वडील, नाना, एसटीतून नुकतेच रिटायर झाले होते. जन्मभर घाटात गाडी चालवलेला माणूस. कानात इंजिन बसलेलं. गाण्यातही त्यांना सगळ्यात आधी धमक लागायची. म्हणून त्यांनी काय केलं, तर पाण्याचे दोन नवे माठ घेतले, त्यांच्या तोंडावर एकेक स्पीकर उताणा बसवला, कडेने कापूस आणि चिकटपट्टी लावली आणि वायरी टेपरेकॉर्डरला जोडल्या. तेव्हा अशा माठांचं वेडच होतं सगळीकडे. स्पीकर छताकडे बघून गायचा आणि माठ खालून घुमायचा. ढोलकी तर अशी वाजायची की फडताळातल्या वाट्या थरथरायच्या. आई म्हणायची, माठातलं पाणी गेलं आणि माठात वाजंत्री आली, आता तहान लागली की गाणं प्या. पण संध्याकाळी दिवा लावून झाला की तीच पहिली म्हणायची, लावा काहीतरी.

आई आमच्या आळीच्या महिला भजनी मंडळात झांज वाजवायची. तिची झांज काय होती ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तळहाताएवढी पितळेची जोडी, लाल गोंड्याची. तिच्यातून निघणारा आवाज बारीक आणि लांब. ठण् म्हणून थांबणारा नाही, तर ठण्णऽऽ म्हणून मग पातळ पातळ होत खोलीच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा. तो पूर्ण संपायच्या आत ती दुसरा ठोका द्यायची, त्यामुळे सगळ्या भजनाच्या मागे एक सोनेरी दोरा ओढल्यासारखा चालू असायचा. तो कुणी मुद्दाम ऐकायचं नाही. भजन झाल्यावर लोक गाणारीचं कौतुक करायचे, ढोलकीचं करायचे. झांजेचं कुणी केल्याचं मला आठवत नाही, आणि आईलाही त्याचं काही वाटायचं नाही.

मंडळाच्या मुख्य म्हणजे शालूकाकू, गायला आणि हार्मोनियमला त्याच. समोरच राहायच्या, पेशाने मास्तरीण, आवाज खणखणीत आणि मत त्याहून. ढोलकीवर भागीमावशी, वाडीवरून चालत यायच्या, हाताला भातकापणीच्या चिरा असायच्या तरी थाप पडली की पडली. बाकी चार-सहा जणी टाळ्या वाजवायला आणि मागून म्हणायला.

त्या वर्षी पावसातच निरोप आला होता की अष्टमीला महाडला, देवीच्या देवळात, आमच्या मंडळाचं भजन ठेवलंय. मंडळ खूश झालं. आई मात्र नुसती खूश झाली नाही, ती हरखली. कारण ते देऊळ तिच्या माहेरच्या आळीतलं. ती लहान असताना त्या देवळात भजन पुरुषांचं असायचं आणि बायका मागे खांबाला टेकून बसायच्या. झांज पुढे ठेवलेली दिसायची, पण मुलींनी तिला हात लावायचा नाही. एकदा तिने लावला होता म्हणे, तर तिच्या काकांनी सगळ्यांदेखत हातावर चापट मारली होती. झांज तिला मिळाली ती सासरी, पोलादपुरात. आता त्याच देवळात, माहेरच्या सगळ्यांसमोर, पुढे बसून ती वाजवणार होती. मामाला तिने फोनवर तीनतीनदा सांगितलं, मी झांजेवर आहे हं, मी झांजेवर आहे.

दादाने ह्याच सुमारास कॉम्प्युटर आणला. असेंबल केलेला. त्यावर पांघरायला आईने जुन्या साडीचं आवरण शिवलं. आणि दादाला एमपीथ्रीचा नाद लागला. त्याचं म्हणणं, एका कॅसेटमध्ये काय मावतं, दहा गाणी, आणि एका सीडीत शंभर-दीडशे. पुढे त्याला कळलं की गाणं आणखी दाबलं तर ती दुप्पट मावतात. मग काय, तो दाबतच सुटला. नानांचा सगळा कॅसेटचा खण, माझी सिनेमाची गाणी, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या कॅसेटी, सगळं एका सीडीत. पाहुणा आला की त्याला ती चकती दाखवायचा आणि म्हणायचा, बघा, अख्खं कपाट आहे ह्याच्यात. आम्हालाही खरंच कौतुक वाटायचं.

त्याच उत्साहात त्याने मंडळाच्या तालमीही रेकॉर्ड केल्या. टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून कॅसेटवर, मग ती कॅसेट वायरने कॉम्प्युटरमध्ये, मग दाबून सीडीवर. खाली जागा उरली तिथे सिनेमाची गाणी आणि मुंबईच्या मोठ्या गायकांचे अभंग भरले. मंडळातल्या प्रत्येकीला एक सीडी. आपापल्या घरी ऐका, चुका शोधा, अष्टमीपर्यंत पक्कं करा. आमच्या घरी कॉम्प्युटरच्या वायरी माठांना जोडून ती आम्ही ऐकली. ढोलकी घुमली, वाट्या थरथरल्या, नाना खूश. झांज ऐकू येते की नाही हे कुणी बघितलंच नाही. त्या घुमण्यात तसंही काही कळलं नसतं.

शालूकाकूंकडे मात्र माठ नव्हते. त्यांच्या मुंबईच्या मुलाने सीडी प्लेअर आणि पाच छोट्या स्पीकरचा नवा संच आणून दिला होता. पाच स्पीकर पाच ठिकाणी लावायचे असतात हे तो सांगून गेला होता, पण पोरं वायरीत अडकून पडतील म्हणून काकूंनी पाचही शोकेसवर एका ओळीत मांडले होते, समूहगीताला मुलं उभी करतात तसे. वर प्लास्टिकची आवरणं तशीच, धूळ बसू नये म्हणून. त्या संचावर मंडळाची सीडी लागली आणि काकूंच्या कपाळाला आठी पडली. कारण झांजेच्या जागी कसला तरी तळणीचा आवाज येत होता. ठण् नाही, लांब जाणं नाही, नुसतं च्छ्स्स, च्छ्स्स, तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसं.

काकूंनी आधी प्लास्टिक काढलं. मला आजही त्याचं नवल वाटतं, कारण ते आवरण त्यांनी मुलाच्या सांगण्यावरूनही काढलं नव्हतं. फरक पडला नाही. मग बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तर तळण आणखी वाढलं, आता भजीच पडली कढईत. मग मंडळाला घरी बोलावून सगळ्यांना ऐकवलं. भागीमावशी तेवढ्या म्हणाल्या, "माझी ढोलकी बरी हाय न् हिचीच झांज कशी नासली गो? एकाच खोलीत बसून वाजवली ना आपण?" पण त्यांचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. कॉम्प्युटरने केलेली सीडी होती ती. आम्हा सगळ्यांना तेव्हा असंच वाटायचं, की माणूस चुकेल पण त्यातून निघालेलं चुकणार नाही. आपल्या कानांनी इतकी वर्षं ऐकलेली झांज खोटी, आणि कालपरवा आलेल्या चकतीतली खरी. काकूंचा पक्का समज झाला की आईचा हात बिघडला, ती आता ठोका देण्याऐवजी झांज घासते.

त्या वाईट बाई नव्हत्या. नीट हळू आवाजात म्हणाल्या, "सुमन, यंदा तू टाळ्यांत बस. झांज नको."

आई "बरं" म्हणाली. घरी आली, झांज धुतल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात आत खोल खुपसून ठेवली. मला फार राग आला होता. मी म्हटलं, तू भांडली का नाहीस? तर म्हणाली, मीही ऐकलं ना कानांनी, घासतच होते मी. मग मनगट दाबून बघू लागली. तिच्या मनगटाला तेव्हा थोडी सूज असायची, ती सगळा दोष त्या मनगटावर टाकून मोकळी झाली. मामाला फोन करून सांगायचं मात्र तिला होईना. उद्या करते, उद्या करते. फोनजवळ जायची आणि पदराने फोन पुसून परत यायची.

बाहेर ऑक्टोबर आपल्या तोऱ्यात होता. आंगण सारवून झालं होतं. नाना भाताची उडवी रचणाऱ्यांशी गप्पा मारायला वाडीवर जायचे आणि अंगाला पेंढ्याचा वास घेऊन यायचे. दारात झेंडूचे ढीग पडलेले. आमच्या घरात मात्र संध्याकाळी कुणी लावा काहीतरी म्हणत नव्हतं.

मग एका दुपारी दादा कामावरून आला आणि जेवताना त्याने ती सीडी काढून आपल्या कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरवर लावली. मंडळाचं भजन नाही, त्याच्या पुढचं काहीतरी. मुंबईच्या एका मोठ्या गायकाचा अभंग लागला. आई वाढत होती. हातात आमटीचा डाव. ती थांबली.

म्हणाली, "परत लाव."

दादाने परत लावलं. आईने डाव पातेल्यात ठेवला आणि कॉम्प्युटरजवळ येऊन उभी राहिली. त्या अभंगातही झांज होती, आणि तिचंही च्छ्स्स, च्छ्स्स चाललं होतं. अगदी तेच तळण. मग तिने मला सिनेमाचं गाणं लावायला सांगितलं, पैंजणांचं. पैंजणही कढईत. आईच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाली, "ह्या मुंबईच्या वादकालाही शालूताई टाळ्यांत बसवणार का?"

आम्ही इतके हसलो की नानांना ठसका लागला. दादाचा मात्र चेहरा पडला, कारण त्याला एका क्षणात कळलं होतं. तो ताटावरून उठला आणि आईला समजावू लागला. गाणं लहान करायचं तर त्यातलं काहीतरी काढावं लागतं. मग ते यंत्र हिशोब करतं, की माणसाच्या कानाला काय ऐकू येणार नाही, कशाची उणीव भासणार नाही, आणि तेवढं काढून टाकतं. जितकं जास्त दाबाल तितकं जास्त काढतं. आणि सगळ्यात आधी जातात ते असले बारीक, लांब जाणारे आवाज. त्यांना जागा फार लागते. मग जे उरतं ते असं फसफसतं.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाच्या कानाला विचारून काढतं?"

मी पुढे विज्ञान शिकले, तरी मला अजून त्याचं धड उत्तर देता येत नाही. कुठल्या तरी लांबच्या देशात, कुठल्या तरी खोलीत, कुणाला तरी बसवून ठरवलं असणार की एवढं गेलं तरी चालतं. त्यांचंही बरोबरच असेल. बहुतेकांना चालतंच. आमच्या घरात नानांना चाललं, मला चाललं, दादाला चाललं. ढोलकी घुमत होती, शब्द कळत होते, आणखी काय हवं. घरात अशी कितीतरी माणसं आणि कामं असतात, जी असताना कुणाच्या कानावर येत नाहीत. ती गाळली, तर आधी काही बिघडल्यासारखं वाटतच नाही.

पण आमच्याकडे मूळ कॅसेट होती, हे नशीब. दादाने तिच्यावर दुसरं काही भरलं नव्हतं. तो टेपरेकॉर्डर काखोटीला मारून आम्ही सगळी वरात समोर शालूकाकूंकडे गेलो. नानासुद्धा. काकू पेपर तपासत होत्या. दादाने आधी सीडी लावली, मग टेपरेकॉर्डरवर कॅसेट. कॅसेटची खरखर होती, सूंऽऽ असा वारा वाहत होता मागे, कुठेतरी ट्रकचा हॉर्नही आला होता. पण त्या सगळ्यातून आईची झांज अशी सरळ आली, ठण्णऽऽ, आणि पातळ होत होत काकूंच्या शोकेसवरच्या बाहुल्यांपर्यंत गेली. आई उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तिला स्वतःचा हात परत मिळाला होता.

काकूंनी कॅसेट संपेपर्यंत ऐकली. मग उठून आत गेल्या. चूक झाली हे त्या कधी तोंडाने म्हणायच्या नाहीत, त्यांचं ते पोह्यांतून कळायचं. त्या दिवशी पोह्यांवर ओलं खोबरं इतकं होतं की पोहे शोधावे लागले. बशी आईच्या हातात देताना त्या एवढंच म्हणाल्या, "अष्टमीला झांज विसरू नकोस."

घरी येऊन आईने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि झांज काढली. गोंड्यात अडकलेली तांदळाची कणी झटकली. मग फोनजवळ गेली आणि मामाला पुन्हा एकदा, चौथ्यांदा, सांगितलं की मी झांजेवर आहे.

अष्टमीला आम्ही एसटीने महाडला गेलो. ढोलकी भागीमावशींच्या मांडीवर, हार्मोनियम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. चारच्या उन्हात देवळाच्या फरशा तापल्या होत्या. दादा पहिली शिफ्ट संपवून कारखान्याच्या कपड्यांतच आला, अंगाला औषधांचा वास, आणि सगळ्यात मागे बसला. त्याने टेपरेकॉर्डर आणला होता, पण आईने मान हलवून नको म्हटलं. तिचे ते काका आता खूप म्हातारे झाले होते. त्यांना खुर्चीवर आणून बसवलं होतं, अगदी समोर.

मला त्या दिवशीचे अभंग कुठले होते ते आठवत नाही. झांज आठवते. दगडी गाभाऱ्याला लागून ती परत यायची आणि परत येईपर्यंत आईचा पुढचा ठोका पडलेला असायचा. मी जन्मभर आईची झांज ऐकत आले होते, पण घरात, कामं करता करता. नुसती बसून, दुसरं काही न करता, तो पहिलाच दिवस. मला फार अभिमान वाटला. शेवटी काकांनी हाताने तिला जवळ बोलावलं. झांज मागून घेतली, डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिली आणि परत तिच्या हातात दिली. परतीच्या गाडीत आई सगळ्या रस्ताभर बोलत होती, आणि काय बोलत होती ते तिलाही माहीत नसावं.

त्याला वीस वर्षं होऊन गेली. दादाने नंतर कितीतरी यंत्रं आणली, प्रत्येकात आधीपेक्षा बरं वाजतं असं तो सांगतो, आणि खरंच वाजतं. आई सत्तरीच्या पुढे गेली. ह्या वर्षी तिच्या कानाला यंत्र बसवलं. महाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जाड आवाज तिला येतात, पण बारीक, वरचे आवाज गेले, ते यंत्रानेही परत येणार नाहीत. मी घाबरत घाबरत अष्टमीला पोलादपूरला गेले. आई झांज घेऊन आपल्या जागेवर बसलेली. भजन सुरू झालं. एक ठोका चुकला नाही.

मधल्या वेळात मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, तुला ऐकू येते का गं झांज? ती म्हणाली, "नाही गं. शालूताईकडे बघते."

मग मी काकूंकडे नीट बघितलं. त्या आता ऐंशीला टेकल्या आहेत, तरी गातात. गाताना डोळे मिटून घ्यायची त्यांची जन्माची सवय. आता त्या डोळे मिटत नाहीत. समोर आईकडे बघत गातात आणि झांजेचा ठोका बरोबर पडला की दर वेळी, आईला दिसेल अशी, मान हलवतात.